सोमणांच्या आडनावाचे पहिले अक्षर

मित्रांनो, मी एक जुने अक्षर आहे. इंग्रजीतला एस. तोही पहिल्या एबीसीडीतला, ज्याला तुम्ही आता कॅपिटल म्हणता. माझी उंची तुमच्या अंगठ्याच्या एका पेराएवढी आहे. अंग प्लास्टिकचे, एके काळी पांढरे होते, आता जुन्या दातासारखे पिवळट झाले आहे. माझ्या पाठीवर दोन बारीक खुंट्या आहेत. त्या पाटीच्या खाचेत रोवल्या की मी उभे राहते आणि कोणीतरी उपटेपर्यंत उभेच राहते.

अक्षरांना काही वाटते का, असे तुम्ही विचाराल. फारसे नाही. कोणाच्या बारशाला आम्ही हसत नाही आणि कोणी गेले तर रडत नाही. ज्याच्या नावात बसवाल त्याच्या नावात बसून राहायचे, एवढेच आमचे काम. तरीही गेल्या वर्षी आमच्या पाटीवर जे घडले ते तुम्हाला सांगावे असे मनात आले. मन नसलेल्याच्या मनात कसे आले, ते मला विचारू नका.

माझा जन्म कसबा पेठेत झाला, तांबट आळीच्या मागच्या एका बोळात. कोंडीराम नावाचे कारागीर तिथे एका खोलीत साचे चालवत. बाहेर तांब्यावर हातोड्यांचे ठोके पडत आणि आत वितळलेल्या प्लास्टिकचा वास असे. साच्यातून आम्ही सगळी एका काडीला चिकटून बाहेर आलो, चिंचेच्या पाल्यासारखी. कोंडीरामांनी पकडीने एकेकाला तोडले आणि तुटलेली कड पॉलिश पेपरवर घासली. माझे शेपूट घासताना ते दारातल्या कोणाशी तरी बोलत होते. त्यामुळे ते जरा जास्त घासले गेले आणि मी जन्माचे किंचित झुकलेले राहिले.

मग आमची पाकिटे भरली गेली. छोटी अक्षरे मूठभर, कॅपिटल मोजकी. कॅपिटल एस फक्त चार. हे प्रमाण कोंडीरामांनी कुठल्याशा विलायती पाकिटावरून उचलले होते. पुण्यात सोमण, साने, साठे आणि सहस्रबुद्धे किती राहतात, हे त्या विलायती माणसाला कसे कळणार?

आमचे पाकीट घेतले दीनानाथ सोमणांनी. ते शाळेत इंग्रजी शिकवत. कोथरूडला तेव्हा नवनव्या इमारती उभ्या राहत होत्या. त्यातल्याच एका लहानशा इमारतीत सरांनी घर घेतले होते आणि नव्या सोसायटीचे सेक्रेटरीपदही लोकांनी त्यांच्याच गळ्यात घातले होते. सोसायटीचे नाव सुरम्य. पार्किंगला लागून जिना सुरू होतो, तिथे भिंतीवर सरांनी पाटी लावली. काळी मखमल, तिच्यात आडव्या खाचा, वर काच आणि काचेला लहानसे कुलूप. पाटीखाली एक बाक.

सरांनी स्टुलावर उभे राहून सगळी नावे स्वतःच्या हाताने लावली. त्यांच्या पत्नी श्यामलाताई खाली बिस्किटाचा डबा धरून उभ्या होत्या. डब्यात आम्ही.

"एस दे," सर म्हणाले. पहिला एस सुरम्यला गेला. दुसरा सोसायटीला. तिसरा सेक्रेटरीला. बाकी सगळ्या बिऱ्हाडांची नावे लागल्यावर सरांनी शेवटी स्वतःचे नाव लावायला घेतले. डब्यात मी एकटेच उरले होते.

"हा वाकडा आहे हो," श्यामलाताई म्हणाल्या.

"चालेल. आपण कुठे सरळ आहोत?" सर म्हणाले आणि त्यांनी मला स्वतःच्या आडनावाच्या तोंडाशी रोवले.

ते माझे उमेदीचे दिवस होते. येणारे जाणारे पाटीपाशी थांबत. "काय सुबक आहे हो," म्हणत. पोस्टमन बोट फिरवून घर शोधी. संध्याकाळी सोसायटीतली मुले बाकावर जमत आणि सर त्यांना पाटीवरूनच इंग्रजी शिकवत. ही मुले मोठी झाली, मग त्यांची मुले बाकावर बसू लागली. धडा तोच.

"विशेषनाम असेल तर पहिलं अक्षर मोठं," सर सांगत. "पुणं मोठं, शहर लहान. मुठा मोठी, नदी लहान. सोमवार मोठा. आणि सुट्टी?"

"मोठी!" मुले ओरडत.

"लहान. कितीही दिवसांची असली तरी लहान."

एकदा आमोदच्या ओवीने विचारले, "आजोबा, आई लहान की मोठी?" आमोद हा दुसऱ्या मजल्यावरचा तरुण, कॉम्प्युटरच्या कंपनीत जाणारा. त्याची ही मुलगी तेव्हा नुकती शाळेत जाऊ लागली होती.

"'माझी आई' असं लिहिलंस तर लहान," सर म्हणाले. "पण 'आई, भूक लागली' असं लिहिलंस तर मोठी. हाक मारली की नाव होतं."

भाजीची पिशवी घेऊन श्यामलाताई जिना चढत होत्या. त्या न थांबता म्हणाल्या, "आमच्या बाराखडीत नाही बाई हा मानपान. सगळी अक्षरं एका उंचीची."

"म्हणून तर हे शिकवावं लागतं," सर म्हणाले.

आमच्या पाटीची एक रीत होती. ती कुठे लिहिलेली नव्हती. फार पूर्वी तळमजल्याचे कान्हेरे वारले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी कोणीतरी त्यांचे नाव काढले होते. दिवस झाल्यावर कान्हेरेबाई खाली उतरल्या आणि रिकाम्या ओळीसमोर किती तरी वेळ उभ्या राहिल्या. तेव्हापासून सरांनी ठरवून टाकले. माणूस गेला तरी वर्षश्राद्ध होईपर्यंत त्याचे नाव हलवायचे नाही. लोकांना ते पटले. पुढे पुढे ही जुनी धार्मिक रूढीच आहे, असेही काहीजण सांगू लागले.

मग दिवस पालटले. गेटवर वॉचमन आला, त्याच्या हातात फोन आला. सामान घेऊन येणारी पोरे फोनमध्ये बघून वर जाऊ लागली. मखमल फिकी झाली. पाटीकडे पाहणारे कोणी राहिले नाही. सरांचे वय झाले, सेक्रेटरीपद नम्रता आपट्यांकडे गेले. पण दर शनिवारी काच पुसायला सर येत. मला त्याचे सुख वाटे असे नाही. काच पुसली की उजेड वाढतो, इतकेच.

दोन वर्षांपूर्वी पहिल्या मजल्यावर तात्याराव साळवे राहायला आले. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, उंच, कडक इस्त्रीचा शर्ट घालणारे गृहस्थ. बरोबर मुलगा संजय आणि सून जया. घर तात्यारावांच्या नावावर होते. सकाळी फिरून आले की ते बाकावर बसत. सरही येऊन बसत. दोघांचे पटकन जमले. तात्यारावांनी आयुष्यभर इंग्रजी मसुदे लिहिले होते आणि सरांनी आयुष्यभर इंग्रजी पेपर तपासले होते. त्यामुळे भांडायला विषयांची कमी नव्हती.

"अर्जाच्या शेवटी 'आपला विश्वासू' लिहिताना दोन्ही शब्द मोठे करायचे लोक," तात्याराव सांगत. "साहेब म्हणायचे, विश्वास डबल दिसतो."

"मी गुण कापले असते," सर म्हणत.

"कापा की. आमचं पेन्शन चालू आहे."

एके सकाळी तात्याराव पाटीकडे बघून म्हणाले, "सर, आमचं नाव कधी?"

"अक्षर नाही हो. साळव्यांना एस लागतो. कॅपिटल एस संपले. मी शोधतोय."

तात्याराव म्हणाले, "कचेरीत माझ्या टेबलावर पट्टी होती. हेड क्लार्क. दोन्ही अक्षरं कॅपिटल, चकचकीत पितळी. बदली झाली की पट्टी तिथंच राहायची आणि मी पुढं. क्वार्टरच्या दारावर नंबर असायचा. गावाकडं तर आमच्या वस्तीत पोस्टमन शिरतच नव्हता, रस्त्यावरून हाक मारायचा. हे पहिलं घर आहे माझ्या नावाचं. डोळ्यात काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणतात, कडेचं गेलंय, मधलं थोडं राहिलंय, तेही जाईल. दिसतंय तोवर एकदा बघावं म्हणतो."

"बघाल. एस मिळाला की आधी तुमचं नाव," सर म्हणाले. "तोवर छोट्या अक्षरानं लावणार नाही. छोट्या अक्षरानं नाव सुरू करणं म्हणजे माणसाला मान खाली घालून दारात उभं करणं."

सर कसबा पेठेत जाऊन आले. कोंडीरामांच्या खोलीच्या जागी मोबाइलची कव्हरे विकणारे दुकान होते. त्या दिवशी परत आल्यावर त्यांनी पाटीची काच उघडली आणि माझ्यावर बोट ठेवले. ठेवूनच उभे राहिले. मग त्यांनी बोट काढले, काच लावली आणि जिना चढून वर गेले. मी त्यांना दोष देत नाही. आपले नाव सोडणे कोणाला सोपे असते?

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सर वारले. दूध घेऊन येताना जिन्यातच बसले ते उठले नाहीत. मी समोरच होते. पाहिले. मला काही झाले नाही.

श्यामलाताईंनाही काही झाले नाही असे लोक म्हणू लागले. त्या रडल्या नाहीत. भेटायला येणाऱ्यांना पाणी देत, कोणी काही म्हणाले की "हो" म्हणत. पाटीची किल्ली सरांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात होती. आता शनिवारी काच पुसायला त्या येऊ लागल्या. एकाच जागी फडके फिरवत राहत. काचेवर तेवढा एक गोल स्वच्छ होई, बाकीची धूळ तशीच. फडक्याखाली दीनानाथ सोमण हे नाव असायचे, पण त्या ते वाचत होत्या असे मला वाटले नाही.

साळव्यांचे नाव तसेच राहिले. नम्रताबाईंनी कधी 'नाही' म्हटले नाही. जया विचारी, तेव्हा त्या गोड हसून म्हणत, "अगं, लावायचंच आहे. पण एस संपलेत ना." मग, "दिवाळीनंतर बघू." मग, "नवीन डिजिटल पाटी करायचं चाललंय, तेव्हा सगळ्यांचीच करू." कोणी विरोध केला नाही. कोणी घाईही केली नाही. दोनतीन जणांनी तात्यारावांना तुम्ही मूळचे कुठले म्हणून विचारले, आणि उत्तर ऐकून "अच्छा अच्छा" म्हटले.

आमोदने इंटरनेटवरून अक्षरे मागवली. ती आली ती आमच्या दीडपट उंचीची. खुंट्या जाड, खाचेत जाईनात. एक एस त्याने नुसता काचेमागे धरून दाखवला.

"हे नाव आहे की आरडाओरडा?" तात्याराव म्हणाले. "राहू द्या, आमोदराव."

शेवटी सोसायटीच्या सभेत विषय निघाला. सभा पार्किंगमध्येच होते, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून, अगदी पाटीसमोर. त्यामुळे मला सगळे ऐकू आले.

जया उभी राहिली. ती बँकेत काम करते, मुद्द्यावर बोलते. "पाटीवर चार एस आहेत. त्यातला एक मोकळा होतो का ते आज बघू. बाबांच्या डोळ्यांचं काही सांगता येत नाही."

"सुरम्यचा तर नाही काढता येणार," खजिनदार म्हणाले. "इमारतीचं नाव आहे."

"मग सोसायटीचा काढा," आमोद म्हणाला. "सोसायटी सामान्यनाम आहे. लहान चालेल. सरांनीच शिकवलंय."

"एकटी असेल तर सामान्यनाम. इथं ती नावाचा भाग आहे. नोंदणीत तशीच आहे," खजिनदार म्हणाले. "सरांनी मलाही शिकवलंय."

मग सगळे नम्रताबाईंकडे बघू लागले. त्यांच्या नावाआधी सेक्रेटरी होते, मोठ्या एसने.

"मी काही अडून बसले नाहीये हं," नम्रताबाई म्हणाल्या. "पण चेअरमन मोठे, ट्रेझरर मोठे, आणि सेक्रेटरी तेवढी लहान? फुकट काम करायचं आणि वर हे. बघा बुवा तुम्हीच."

कोणी बघितले नाही. राहिले मी. माझ्याकडे बोट कोणीच दाखवले नाही, कारण सरांना जाऊन अजून वर्ष झाले नव्हते आणि श्यामलाताई मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या.

"एक सुचवू का?" नम्रताबाई म्हणाल्या. "तात्पुरता छोटा एस लावू या ना. छोटे आहेत डब्यात ढिगानं. लांबून कळतसुद्धा नाही."

"नाही कळत," जया म्हणाली. "लांबून काहीच कळत नाही. तुमचं आपटे करू या मग छोट्या ए-नं? तुम्ही विशेषनाम आणि आम्ही सामान्यनाम, असं कुठल्या पुस्तकात आहे?"

"जया," तात्याराव म्हणाले. "बस खाली."

"बाबा, पण..."

"बस. विषय पुढच्या सभेत घ्या म्हणावं. सवय आहे मला पुढच्या सभेची."

सभा संपली. खुर्च्या एकात एक अडकवल्या गेल्या. श्यामलाताई सर्वात शेवटी उठल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हते. कळायला तिथे काही असेल असेही वाटत नव्हते.

पुढच्या शनिवारी त्या नेहमीसारख्या फडके घेऊन आल्या. तात्याराव बाकावर बसले होते. आता ते चेहरा थोडा थोडा इकडे तिकडे वळवून पाहत, उरलेल्या नजरेत माणूस मावावा म्हणून.

"ताई, आहात का?" त्यांनी विचारले.

"हो."

"बसा थोडं."

त्या बसल्या. मग श्यामलाताई म्हणाल्या, "मला काही होतच नाही हो. सगळे विचारतात, रडलात का. हात बधिर झाल्यावर चिमटा काढून बघतो ना, तसं बघते मी. नाही कळत."

"आमची ही गेली तेव्हा मी तिसऱ्या दिवशी कचेरीत फाइल मागितली होती," तात्याराव म्हणाले. "लोक म्हणाले, दगड आहे. पुढं कधीतरी कळलं. कधी ते आठवत नाही. नाही कळलं तरी दिवस जातोच."

"तुम्ही सभेत जयाला बसवलंत ते का?"

"तिचं बोलणं बरोबर होतं. तुम्ही तिथं होतात म्हणून बसवलं. चौथा एस कोणाचा ते सगळ्यांना माहीत होतं. मागून घेण्याची वस्तू नाही ती."

श्यामलाताई पाटीकडे बघत होत्या. "मराठीत हा त्रास नाही. मी यांना नेहमी म्हणायचे. सगळी अक्षरं एका उंचीची."

"अक्षरं, हो," तात्याराव म्हणाले.

श्यामलाताईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिले. मग त्या उठल्या, बाकाखालून स्टूल आणि अक्षरांचा डबा ओढला आणि किल्ल्यांचे जुडगे काढले.

"डॉक्टरांकडे परत कधी जायचंय?"

"मंगळवारी. पण आता ते नुसतंच बघतात. करण्यासारखं काही उरलं नाही."

"स्टूल धरता का जरा? हलतं ते."

"काय करताय, ताई?"

"धरा तर."

तात्यारावांनी चाचपून स्टूल धरले. श्यामलाताई वर चढल्या, काच उघडली आणि थेट माझ्यावर हात ठेवला. चाळीसएक वर्षे मी एका जागी होते. माझ्या खुंट्या मखमलीत रुतल्या होत्या. त्यांनी नखाने उचकटले, मी हलले नाही. त्यांनी दोन बोटांत धरून ओढले. एक खुंटी सुटली, दुसरी अडकली, आणि मग मी झटक्यात बाहेर आले. खुंटीचे टोक त्यांच्या बोटाच्या पेरात गेले. रक्ताचा थेंब आला.

त्या थेंबाकडे त्या बघत राहिल्या.

"झोंबलं," त्या म्हणाल्या.

"काय झालं?" खालून तात्यारावांनी विचारले.

"काही नाही. झोंबलं." त्यांचा आवाज जरा आश्चर्यात पडल्यासारखा होता. बोट तोंडात धरून त्या थोडा वेळ स्टुलावरच उभ्या राहिल्या.

मग त्यांनी डब्यातून बाकीची अक्षरे घेतली. तात्याराव हे नाव लांब आहे. एक एक अक्षर त्या खाचेत बसवत होत्या आणि मोठ्याने उच्चारत होत्या, म्हणजे खाली स्टूल धरून उभ्या असलेल्या तात्यारावांना कळावे. शेवटी मला साळव्यांच्या तोंडाशी रोवले. मग खाली उतरून त्यांनी तात्यारावांना हात धरून पाटीच्या अगदी जवळ नेले. तात्यारावांनी चेहरा हळूहळू या बाजूने त्या बाजूला फिरवला, नाव सापडेपर्यंत. सापडल्यावर ते हलले नाहीत. त्यांचा श्वास काचेवर उमटत होता.

"जरा वाकडं आहे," ते म्हणाले.

"ते पहिल्यापासून तसंच आहे."

"असू दे," तात्याराव म्हणाले आणि खिशातून रुमाल काढून त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा पाहिले. पुन्हा पुसला.

पाटीवर आता साळव्यांच्या वरच्या ओळीत दीनानाथ, मग एक रिकामी जागा, आणि मग ओमण, असे राहिले. दुपारपर्यंत साऱ्या सोसायटीत बातमी झाली. नम्रताबाई धावत खाली आल्या.

"काकू, काय हे? वर्ष नाही झालं अजून! लोक काय म्हणतील? थांबा, मी देते माझा एस. होते मी लहान सेक्रेटरी."

"नको," श्यामलाताई म्हणाल्या. "चेअरमनच्या शेजारी तू बुटकी दिसशील."

नम्रताबाई वर गेल्या. एस त्यांच्याकडेच आहे.

रविवारी सोमणांचा मुलगा सलिल आला. तो कर्वेनगरला राहतो. हेल्मेट हातात तसेच धरून तो पाटीसमोर उभा राहिला. श्यामलाताई भाजीला निघाल्या होत्या.

"आई, बाबांचं आडनाव ओमण?"

"सोमण आहे. तुला माहीत आहे ना?"

"मला आहे. पण लोकांना?"

"लोकांना चाळीस वर्षं माहीत आहे. साळव्यांचं नव्हतं माहीत."

"अगं, पण बाबांनीच ठेवलेली रीत ना ही? वर्ष तरी होऊ द्यायचं होतंस."

"तात्यासाहेबांचे डोळे वर्षभर थांबणारे नव्हते," श्यामलाताई म्हणाल्या. "आणि तुझे बाबा त्यांना शब्द देऊन गेलेत. माझ्यासमोर नाही दिला, पण घरी येऊन बोलले होते. दोन दिवस नीट जेवले नाहीत." इथे त्यांचा आवाज थांबला. पुढे काही यायला हवे होते, ते आले नाही. त्यांनी अंगठ्याने बोटाचे ते पेर दाबून पाहिले आणि म्हणाल्या, "चल, वर जा. किल्ली शेजारी आहे. मी मेथी घेऊन येते."

सलिल वर गेला नाही. त्याने त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघे बाहेर पडले.

वर्षश्राद्ध झाले. रीतीप्रमाणे आता सरांची ओळ काढायची होती. ती काढायला कोणी आले नाही. श्यामलाताईंनाही कोणी विचारले नाही. दीनानाथ, रिकामी जागा, ओमण. ओवी आता वाचायला शिकली आहे. खेळायला आलेल्या मुलांनी "हे काय नाव?" म्हणून विचारले की ती मोठ्या बाईसारखी सांगते, "सोमण वाचायचं. एस खाली राहायला गेलाय."

उन्हाळा संपताना तात्यारावांच्या डोळ्यांतला उरलासुरला उजेड गेला. आता सकाळी जया त्यांचा दंड धरून त्यांना खाली आणते. ते पाटीपाशी थांबतात.

"आहे ना?" ते विचारतात.

"आहे, बाबा."

मग ते बाकावर बसतात. शनिवार असेल तर श्यामलाताई काच पुसत असतात. आता त्या सगळी काच पुसतात, कडेपर्यंत. त्या रडल्या की नाहीत ते मला माहीत नाही. मी फक्त जिन्याच्या तोंडाशी जे होते तेवढे पाहते.

मित्रांनो, नावाचे पहिले अक्षर मोठे काढायचे, हे तुम्ही शाळेत शिकलाच असाल. ते बरोबरच आहे, तसे करत जा. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल. कोणाच्या हातात हजेरीपट येईल, कोणाच्या हातात एखाद्या दाराची पाटी येईल, आणि एखादा माणूस समोर येऊन "माझे नाव कधी?" असे विचारेल. तेव्हा अक्षरे संपली असे म्हणण्याआधी ती कुठे कुठे बसली आहेत ते नीट पाहा. आमच्यासारखी जुनी अक्षरे सहसा हरवत नाहीत. कोणीतरी त्यांना धरून ठेवलेले असते.

आमची काच पुसत जा. खुंट्या मोडू देऊ नका. आणि एका नावातून दुसऱ्या नावात न्यायची वेळ आली तर न्या, पण सावकाश उपटा. आम्हाला दुखत नाही. उपटणाऱ्याला दुखते.